तीनशे बारा अधिक एक

माझ्या वहिनीबद्दल मी चार लोकांत चांगलं बोलेन असं कुणी तीन वर्षांपूर्वी म्हणालं असतं, तर हातातली घासणी मी त्याच्या अंगावर फेकली असती. नणंद आहे मी तिची. त्यात तिच्याच हुकमाने अकरा वर्षं भांडी घासलेली नणंद. तेव्हा पुढे कौतुक जरा जास्त झालं, तर ते माझा नाइलाज म्हणून झालं असं समजा.

वहिनी पंख्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. दुपारच्या जेवणाला तीनशेच्या आसपास माणसं असतात. स्वयंपाकघराच्या दाराशी एक काळा फळा आहे. सकाळी साडेसातला गेटवरून हजेरीचा आकडा येतो आणि तो फळ्यावर खडूने लिहिला जातो. तीनशे बारा, दोनशे अठ्ठ्याण्णव, असेल तो. त्यावरून डाळ किती, तांदूळ किती ते ठरतं. वहिनीला कागद-पेन्सिल लागत नाही. आकडा बघायची, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायची आणि डाळीच्या पिंपाकडे वळायची. आम्ही आत राबणारी आठ माणसं त्या आकड्यात कधीच नव्हतो. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते आम्ही उभ्याउभ्या खायचो. वहिनीचा हात सढळ, त्यामुळे उरायचंही बऱ्यापैकी.

वहिनी मात्र तेही खायची नाही. ती चव घ्यायची. डावातले दोन थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे, मीठ बघायचं आणि पुढच्या पातेल्याकडे जायचं. सकाळपासून दुपारपर्यंत अशा शंभर चवी होत असतील. कुणी 'जेवलात का' विचारलं तर ती 'हो' म्हणायची, आणि खोटं बोलतोय असं तिला वाटायचंही नाही.

तिच्या स्वयंपाकघराचा एक कायदा होता. ताटात केस निघता कामा नये. निघाला, तर ज्याचा केस त्याने अन्नापासून लांब व्हायचं आणि मोरीवर भांडी घासायची. हा कायदा मॅनेजरने नव्हे, तिनेच केला होता. तिची स्वतःची वेणी कंबरेच्या खाली जायची, पण कॅन्टीनमध्ये ती कुणी बघितली नाही. आत एक घट्ट पांढरं फडकं, त्यावर दुसरं, आणि गाठ अशी की सुटायला दोन माणसं लागावीत. पहिल्या बावीस वर्षांत हा कायदा एकदाच लागू झाला, तो माझ्यावर. एका फिटरच्या भातात लांब काळा केस निघाला. मी तेव्हा भाजी चिरायला होते आणि माझेही केस लांब होते. लग्न होऊन आली तेव्हापासून वहिनी मला वन्सं म्हणते, अहो-जाहो करते, मी तिच्याहून चार वर्षांनी लहान असले तरी. त्याच अदबीने ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "वन्सं, उद्यापासून तुम्ही भांड्यांवर."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

घरी मी काय अबोला धरणार? नवरा गेल्यापासून मी दादाच्या शेजारच्याच खोलीत राहते. भिंत एक, नळ एक, सकाळी बसही एकच. आम्ही बोलायचो, पण लागेल तेवढंच. चिरायला मला परत कधी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. अकरा वर्षं मी मनातल्या मनात एक भाषण तयार करत होते. वेळ आली की ऐकवायचंच, असं ठरवून टाकलं होतं.

मग तिचं ऑपरेशन झालं. आतड्याला पीळ पडला होता. दोन दिवस पोट धरून कामाला आली, तिसऱ्या दिवशी पिंपाशेजारीच खाली बसली. रुग्णालयात वीतभर आतडं कापून काढलं. दादा बाहेरच्या बाकावर बसून माझा हात इतका घट्ट धरून होता की माझ्या बांगडीचा वळ उठला. वहिनी वाचली. महिन्याभराने कामावर आली तेव्हा दोन्ही गालांत खळगे होते. खाल्लं की पोटात दुखेल या धास्तीने ती आता चवसुद्धा भीतभीत घ्यायची. घरी पेजेची वाटी आणि चहा. दादा म्हणायचा, थोडं तरी खा. ती म्हणायची, दिवसभर अन्नातच तर असते मी.

ऑपरेशनला तीन महिने होत आले आणि न्हाणीघराची जाळी तुंबली. दादाने तार घालून ओढली तर मुठीएवढा गोळा बाहेर आला. त्याला वाटलं चिंधी आहे. वहिनीने तो त्याच्या हातातून घेतला आणि कागदात गुंडाळला. तिच्या डोक्याला दोनाची तीन फडकी झाली. उशीवर केस, फणीत केस, पदरावर केस. शेजारणींनी कुणी तेल सांगितलं, कुणी पाला वाटून लावायला सांगितला, एकीने तर कांद्याचा रस लावायला लावला. आठवडाभर आमच्या जिन्यात कांद्याचा वास होता. केस काही थांबले नाहीत.

मी हे सगळं बघत होते. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटत होतं. स्वभावाला औषध नाही.

एका मंगळवारी मोरीवर ताटं आली. लेथवरच्या एका कामगाराचं ताट होतं. कडेला उरलेल्या उसळीखाली एक लांब केस चिकटला होता, टोकाला मुळाचा पांढरा ठिपका. त्या माणसाला तो दिसलाच नव्हता. मला दिसला. इतक्या लांब केसांचं आता स्वयंपाकघरात एकच माणूस उरलं होतं. मी केव्हाच कापून टाकले होते, आणि बाकीच्यांचे मानेच्या वर.

अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या ओल्या हातात होतं. पहिल्यांदा मला आनंद झाला. हे लपवून काय उपयोग? आनंदच झाला. दुसऱ्या क्षणी पिंपाशेजारी बसलेली वहिनी डोळ्यांपुढे आली आणि मी तो केस ॲप्रनच्या खिशात टाकला.

पण वहिनीची एक सवय मी विसरले. उष्टी ताटं परत आली की ती मोरीवर यायची. कुणी काय टाकलं, किती टाकलं, हे बघितल्याशिवाय तिला दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक सुचायचा नाही. ती माझ्या मागेच उभी होती.

"खिशात काय ठेवलंत, वन्सं?"

मी म्हणाले, काही नाही. तिने हात पुढे केला. मी केस तिच्या तळहातावर ठेवला, जिथे ती डाळीचे थेंब घेते तिथेच. तिने तो उजेडात धरला. मग तशीच आत गेली, गॅस बंद केला आणि दोन नंबरच्या स्वयंपाकिणीला हाक मारली. तिला आम्ही घाई म्हणतो, कारण पाणी उकळायच्या आत ती तांदूळ टाकते. वहिनीने घाईच्या हातात मोठा डाव दिला, सगळ्यांसमोर सांगितलं की केस तिचा स्वतःचा होता, आणि रबरी ॲप्रन बांधून माझ्या शेजारी मोरीवर येऊन उभी राहिली. मी म्हणाले, कुणी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही बघितलं होतं.

मॅनेजरने समजूत घालून बघितली. आजारी माणसाला कसला कायदा, टोपी घाल आणि शेगडीवर जा, म्हणाला. वहिनी ऐकेना. शेवटी तो वैतागला. सहा महिने वाट बघतो, तोवर परत आली नाहीस तर घाईला कायम करतो, असं सांगून निघून गेला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, "केस गेले तर जाऊ देत हो. शेगडी गेली तर मी सकाळी उठू कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे ओढून नेलं. रक्त तपासलं. लोह तळाला गेलेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आहार समजावणाऱ्या बाईंकडे पाठवलं. पोरसवदा होत्या त्या, पण शांत. त्यांनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता? वहिनीने घडाघडा सांगितलं: डाळ बावीस किलो, भाजी चाळीस किलो, बुधवारी अंडी सव्वातीनशे, शुक्रवारी मासे. बाईंनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. हे तुम्ही करता, त्या म्हणाल्या, तुम्ही खाता काय? वहिनी माझ्याकडे बघायला लागली, जणू मला ठाऊक असणार. आणि मला खरोखरच ठाऊक होतं. मी सांगितलं: पेज, चहा आणि तळहातावरचे थेंब.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं. ऑपरेशनचा एवढा मोठा धक्का, वर पोटात अन्न नाही. अशा वेळी शरीर आधी जीव सांभाळतं, केसांचं काम थांबवतं, आणि थांबलेले केस दोन-तीन महिन्यांनी एकदम गळायला लागतात. मुळं मेलेली नाहीत. तेल लावून ती जागी व्हायची नाहीत, त्यांना आतून मिळालं पाहिजे. प्रत्येक खाण्यात डाळ, अंडं, मासा, दही असं काहीतरी, शिवाय हिरव्या भाज्या आणि फळं. आतडं कापलेलं, म्हणून एकदम पोटभर नको. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, बसून आणि चावून. मनाने जादा गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि धीर धरायचा, कारण फरक दिसायला सहा महिनेही लागतील. सहा हा आकडा ऐकून वहिनीने डोळे मिटले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. तीनशे माणसांच्या अन्नात उभी असलेली बाई उपाशी होती.

आता खायचं ठरलं, तर वेगळीच पंचाईत. वहिनीला एका माणसापुरतं करताच येईना. दोन अंडी उकडायला गेली आणि तीस उकडली. मसुराची आमटी केली ती चाळीस माणसांची. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक दाराशी डबा गेला. दादाने चार दिवस तिन्हीत्रिकाळ अंडी खाल्ली आणि पाचव्या दिवशी मला हळूच विचारलं, ताई, हिला सांगशील का? धाकटी बहीण मी त्याची, पण अडचण आली की ताई होते. वहिनी स्वतःवरच चिडली होती. म्हणाली, एक माणूस म्हणजे किती, ते माझ्या हाताला कळतच नाही. पन्नासाच्या खाली माझा अंगठाच फिरत नाही.

मी मोरीवरच चिडून म्हणाले, मग तीनशेत घाल स्वतःला.

मी रागाच्या भरात बोलले होते, पण ती घासता घासता थांबली. दुसऱ्या दिवशी साडेसातला घाईने फळ्यावर तीनशे बारा लिहिलं. वहिनी मोरीवरून उठली, हात पुसले, घाईकडे खडू मागितला आणि त्या आकड्यापुढे लिहिलं: अधिक एक. घाई म्हणाली, कुणी पाहुणा येणार आहे का? वहिनी म्हणाली, "मी आहे."

त्या दुपारी ती ताट घेऊन बाहेर गेली आणि लेथवाल्यांच्या बाकावर बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते बिचारे सरकून सरकून भिंतीला टेकले. पहिला घास घेतला आणि वहिनीच्या कपाळाला आठी पडली. परत घेतला. मग आत येऊन मला म्हणाली, वन्सं, डाळ गार आहे, आणि खारट आहे. मी म्हणाले, रोजच असते, घाई तुझ्याच मापाने मीठ घालते. कामगार वर्षानुवर्षं डाळ खारट म्हणून कुरकुरायचे, तेव्हा ही फणकारायची, की नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, यांना माझं खारट लागतं. तिने चव घेतलेली डाळ नेहमी उकळती असायची. वाढप्यांच्या हातून बाकापर्यंत पोचेस्तोवर ती गार होते आणि मीठ वर येतं, हे तिला कोण सांगणार? तिने मोरीवरूनच घाईला निरोप धाडला: मीठ दोन मुठी कमी, आणि डाळ एका मोठ्या पातेल्याऐवजी झाकणाच्या चार लहान पातेल्यांतून बाहेर पाठव. आठवड्याभरात ताटांत उरणारी डाळ निम्मी झाली. घासणारी मी, मला माहीत.

खाण्याचं तिने काम करून टाकलं. सकाळी सात, साडेनऊ, बारा, तीन, सहा, नऊ. बारा वाजता बाकावर, कामावरच्या बाकीच्या वेळी मोरीजवळच्या स्टुलावर, उरलेलं घरी. ॲप्रनच्या खिशात शेंगदाणे, डब्यात दही, कधी उकडलेलं अंडं, कधी संत्रं. पोटात दुखेल या भीतीने पहिले पंधरा दिवस प्रत्येक घास ती इतका चावायची की मला पाहून दात दुखायचे. दुखलं नाही. एकदा उलटी झाली. तोंड धुतलं, अर्धा तास थांबली आणि अर्धी वाटी परत खाल्ली. 

पण केस गळतच होते. दुसरा महिना गेला, तिसरा लागला. भांगाची रेघ बोटाएवढी रुंद झाली. एका रविवारी तिने मला खोलीत बोलावलं आणि कात्री दिली. वेणी आता दोरीएवढी राहिली होती. मी कापली. दादा दारातून बघत होता, तो उठून जिन्यात जाऊन उभा राहिला. वहिनी रडली नाही. सोमवारी मोरीवर, पाण्यात हात घालून उभी असताना रडली. म्हणाली, एवढं खातेय, वेळेवर खातेय, कुठे जातंय सगळं?  मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी तिला ओरडलेच. म्हणाले, डाळ शिजायला ठेवली की दर मिनिटाला झाकण काढतेस का तू? मग आता कशाला काढतेस? नाक ओढून तिने शेंगदाण्याची मूठ तोंडात टाकली. साडेनऊ वाजले होते.

चौथ्या महिन्यात आधी नखं सुधारली. मग जिना चढताना ती मधे थांबेनाशी झाली. रक्त परत तपासलं, लोह चढलं होतं. आणि एके सकाळी बसमध्ये खिडकीतून उजेड तिच्या कपाळावर आला, तेव्हा मला दिसलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक, ताठ, काळी-पांढरी लव उभी होती. मी बोट लावून बघितलं, भर बसमध्ये. वहिनी म्हणाली, काय करताय? मी म्हणाले, दाढी आलीय तुझ्या डोक्याला. ती इतकी हसली की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

लगेच शेगडीवर जाईल तर ती वहिनी कसली. आत एक फडकं, बाहेर एक. रोज काम संपलं की बाहेरचं फडकं पांढऱ्या ताटावर झटकायचं आणि ताट मला दाखवायचं. सलग तीस दिवस ताट स्वच्छ निघालं तर परत जाईन, म्हणाली. अकराव्या दिवशी एक केस निघाला. मी म्हणाले, एवढा सोडून दे, मुदत संपत आलीय. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. इकडे मॅनेजरच्या सहा महिन्यांतले पाच संपत आले होते. मी दिवस मोजत बसायचे, ती आपली वाटी संपवायची. तिसावं स्वच्छ ताट तिने दाखवलं, तेव्हा मुदतीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी घाईने डाव परत दिला, थोडं रडून आणि पुष्कळ सुटल्यासारखी होऊन. वहिनी आधी फळ्याकडे गेली. आकडा दोनशे शहाण्णव होता. तिने पुढे लिहिलं: अधिक आठ. मग सगळ्यांना सांगितलं, की आजपासून आतल्या माणसांनी आकड्यात जेवायचं, उरलेल्यात नाही, आणि बसून जेवायचं. साडेअकराला, लोक यायच्या आधी. मॅनेजरने आडकाठी केली नाही. तोही हल्ली गरम डाळ खात होता.

साडेअकराला आम्ही आठ जणं दोन बाकांवर बसलो. वहिनी माझ्यासमोर बसली, पण जेवेना. फडक्याच्या कडेतून बाहेर येऊ बघणारी लव बोटाने आत सारत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, तो अकरा वर्षांपूर्वीचा केस. तेव्हा तुमचे माझे केस सारखेच होते. लांबही, काळेही. मी तुमच्या डोक्याकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलंच नाही. तो माझाही असेल." पुढे म्हणाली, "उद्यापासून तुम्ही चिरायला या. तुम्हाला यावंसं वाटलं तर."

माझं भाषण तयार होतं. अकरा वर्षं घोटलेलं, शब्दन् शब्द पाठ. मी तोंड उघडलं. समोर तिचं ताट होतं, त्यातल्या डाळीवरची वाफ संपत आली होती.

"येईन," मी म्हणाले. "आधी जेव. गार होतंय."